मोठ्या टीव्हीवर पाहून फोटो छापताना

(आपटा, ता. पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाचा टीव्हीशी आणि फोटोंशी काय संबंध? शंका रास्त आहे. पण जे दिसतं ते तसंच असतं का, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. आणि आज तो विद्यापीठापेक्षा फोटो स्टुडिओत जास्त वेळा उभा राहतो, रोज उभा राहतो, आणि तिथे त्याच्या उत्तरावर पैसे अवलंबून असतात.

आपल्या पनवेल-रसायनी-पेण पट्ट्यात लग्नाचे फोटो काढणारी पुष्कळ मुलं आहेत. कर्नाळ्याला पहाटे कॅमेरा घेऊन जाणारी हौशी मंडळी आहेत. फोटोच्या कामासाठी बनवलेला चांगला मॉनिटर महाग पडतो. तेवढ्याच किंवा त्याहून कमी पैशांत ४३ किंवा ५५ इंची फोर-के टीव्ही मिळतो. मग टीव्ही घ्यायचा, एचडीएमआय केबलने कॉम्प्युटरला जोडायचा आणि त्यावर फोटोचं काम करायचं. पडद्यावर फोटो झकास दिसतो. लॅबमधून प्रिंट येते ती मात्र काळपट, मळकट. फोटोग्राफर म्हणतो लॅबचं मशीन बिघडलंय, लॅबवाला म्हणतो तुमची फाइलच डार्क आहे. अल्बम पुन्हा छापायचा खर्च कोणाच्या खिशातून, यावर दोस्ती तुटते. आणि गंमत अशी, की दोघंही खरं बोलत असतात.

तर टीव्ही वापरावा की वापरू नये? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. वापरावा, पण आधी त्याला तोलून घ्यावा. म्हणजे काय, ते आता क्रमाने पाहू.

दिवा आणि घट

अंधाऱ्या खोलीत घट ठेवला आहे. तो दिसायला दिवा लागतो. पण दिवा दिसायला दुसरा दिवा लागत नाही. आपल्या दर्शनकारांनी या दृष्टान्तावर भरपूर वाद घातला आहे. ज्ञान हे दिव्यासारखं स्वयंप्रकाश आहे की घटासारखं परप्रकाश, असा तो वाद. त्यात आज शिरत नाही. पण दृष्टान्त आपल्या कामाचा आहे, कारण टीव्ही हा दिवा आहे आणि कागदावरचा फोटो हा घट आहे. टीव्ही स्वतःचा उजेड घेऊन येतो. कागद मात्र खोलीत जो उजेड असेल त्यातलाच थोडा परत पाठवतो.

हा फरक आकड्यांत किती, ते पाहा. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात, कागदावर पडणारा उजेड लक्समध्ये. पांढरा कागद पडलेल्या उजेडापैकी साधारण ९० टक्के परत पाठवतो आणि तो सगळ्या दिशांना पसरतो. म्हणून ढोबळ हिशोब असा: लक्सला ०.९ ने गुणायचं आणि ३.१४ ने भागायचं. छपाईच्या धंद्यात प्रिंट तपासायला ५०० लक्सचा उजेड धरतात. त्यात पांढरा कागद सुमारे १४० निट्सचा झाला. आपल्या घरात संध्याकाळी एक ट्यूबलाइट लावली आणि भिंतीवर १५० लक्स पोचले, असं धरू. मग तोच कागद जेमतेम ४३ निट्सचा. आणि दुकानातून आणलेला टीव्ही, विव्हिड मोडमध्ये, सहज तीनशे-चारशे निट्स देतो. म्हणजे ज्या पांढऱ्याकडे पाहून तुम्ही फोटो तयार केला, त्याच्या आठव्या हिश्शाइतक्या उजेडात तो लोक पाहणार आहेत.

यात आपला डोळा आपल्याला फसवतो, आणि फार सभ्यपणे फसवतो. समोर जे सर्वांत उजळ असेल त्याला तो पांढरं मानतो आणि बाकी सगळं त्या मानाने ठरवतो. टीव्ही अति उजळ असला तर तुम्हाला फोटोही उजळ वाटतो. म्हणून तुम्ही तो थोडा खाली आणता. प्रिंट काळी येते. टीव्हीचा पांढरा रंग निळसर असला, तर फोटो थंड वाटतो. तुम्ही त्यात पिवळेपणा घालता. प्रिंट पिवळी येते. नियम असा लक्षात ठेवा: पडद्याचा दोष फाइलमध्ये उलटा होऊन उतरतो. फाइल बिचारी मुकाट्याने तो लॅबपर्यंत घेऊन जाते.

तराजू कोण तोलणार?

गौतमाच्या न्यायसूत्रांत एक सुरेख दाखला आहे. प्रमाण म्हणजे ज्याने जाणायचं ते साधन, आणि प्रमेय म्हणजे जे जाणायचं ते. मग प्रमाण बरोबर आहे हे कशावरून? उत्तरात तराजू येतो. सोनं तोलताना तराजू हे प्रमाण. पण तराजूवरच शंका आली, तर वजन माहीत असलेलं सोनं घालून तराजू तपासतात. त्या वेळी तोच तराजू प्रमेय होतो. एकच वस्तू, भूमिका दोन.

आपल्या गावात दसऱ्याला आपट्याचं पान हातावर ठेवून सोनं म्हटलं तर कोणी हरकत घेत नाही. सराफाकडे ते चालत नाही. टीव्हीचं तसंच आहे. दुकानात शंभर दिव्यांच्या झगमगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा, म्हणून कारखान्यातून तो भडक करून पाठवलेला असतो. बैठकीच्या खोलीत ते सोनं चालतं. छपाईच्या कामात चालत नाही.

तर आता तराजू तोलू. हातात रिमोट आहे असं समजा.

पहिलं, पिक्चर मोड. विव्हिड, डायनॅमिक, स्पोर्ट्स हे सगळे सोडा. सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड घ्या. हा फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये आला, तोच मुळी दिग्दर्शकांच्या तक्रारीतून, की आम्ही बनवलेलं चित्र टीव्ही स्वतःच्या मनाने सुधारतो. आपल्या आपटा स्टेशनवर 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट चित्रित झाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या चित्रपटातला फलाट विव्हिड मोडवर बघा आणि मग सिनेमा मोडवर बघा. आपण रोज पाहतो तो फलाट कोणत्या मोडमध्ये आहे, हे तुम्हीच ठरवा.

दुसरं, टीव्हीच्या हुशाऱ्या बंद करा. डायनॅमिक काँट्रास्ट, नॉइज रिडक्शन, खोलीचा उजेड पाहून बदलणारा इको सेन्सर, चित्राचा काही भाग आपोआप मंद करणारं लोकल डिमिंग, सगळं बंद किंवा कमीत कमी. शार्पनेस सहसा शून्याकडे न्या. नाहीतर टीव्ही कडांना जी धार लावतो ती फाइलमध्ये नसतेच, आणि प्रिंट आल्यावर तुम्ही म्हणता लेन्स खराब.

तिसरं, कलर टेंपरेचर. 'वॉर्म' किंवा 'वॉर्म २' घ्या. पहिले दहा मिनिटं पडदा पिवळा वाटेल. वाटू द्या. डोळा सरावतो.

चौथं, उजेड. इथे शब्दाची गफलत आहे. पुष्कळ टीव्हींवर 'ब्राइटनेस' नावाचं बटण उजेड बदलत नाही, काळ्याची पातळी बदलतं. खरा उजेड 'बॅकलाइट' या नावाखाली असतो. तो खाली आणा, १०० ते १२० निट्सच्या आसपास. मोजायचं यंत्र नसेल तर कसं ठरवायचं, ते थोड्या वेळाने सांगतो.

पाचवं, टीव्हीला सांगा की तू आता कॉम्प्युटरला जोडलेला आहेस. बऱ्याच टीव्हींत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव 'पीसी' असं ठेवता येतं. याने बरंच काही बदलतं. व्हिडिओमध्ये जागा वाचवायला रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी पाठवतात. हलत्या चित्रात ते कळत नाही. स्थिर फोटोत कळतं. लाल साडीची जरीकाठावरची कड पुसट होते. पीसी मोडमध्ये सहसा प्रत्येक पिक्सेलचा रंग पूर्ण पोचतो. त्यासाठी फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा हवं असेल तर टीव्ही, कॉम्प्युटर आणि केबल तिन्ही एचडीएमआय २.० च्या लायकीचे लागतात. आणि ओव्हरस्कॅन बंद करा. 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' अशी नावं असतात. ते चालू असेल तर टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो.

स्वर्गीय नर्तकाची परीक्षा

सहावी गोष्ट वेगळी सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

कॉम्प्युटर काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ म्हणतो. टीव्हीच्या जगात परंपरेने काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर. दोघांची भाषा जुळली नाही तर काय होतं? कॉम्प्युटर ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्ही १६ ते २३५ समजतोय, तर १६ च्या खालचं सगळं एकसारखं काळं आणि २३५ च्या वरचं सगळं एकसारखं पांढरं. उलटं झालं, तर काळा राखाडी दिसतो आणि चित्र धुक्यातलं वाटतं.

कर्नाळ्याला जाणाऱ्यांना यासाठी देवानेच परीक्षापट्टी दिली आहे. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर घ्या. अंग आणि लांब शेपटी शुभ्र, डोकं निळसर झाक असलेलं काळं. दोन्ही टोकं एकाच पक्ष्यात. नीट काढलेला फोटो टीव्हीवर लावा. शेपटीतल्या पिसांच्या रेषा वेगवेगळ्या दिसतात का? काळ्या डोक्यात डोळा वेगळा कळतो का? दोन्ही ठिकाणी सपाट डाग दिसत असेल, तर पक्ष्याची चूक नाही आणि कॅमेऱ्याचीही नाही. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये 'फुल' आणि 'लिमिटेड' असे पर्याय असतात, टीव्हीत 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' असतं. ती दोन्ही जुळवा. ज्यांच्याकडे पक्षी नाही त्यांनी काळा कोट आणि पांढरा शालू असलेला लग्नाचा फोटो घ्यावा.

मोठेपणाचा हिशोब

मोठा टीव्ही म्हणजे जास्त बारकावा, हा गैरसमज आहे. फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल. टीव्ही ४३ इंची असो की ६५ इंची, पिक्सेल तेवढेच. ते ४३ इंचांत पसरले तर इंचाला सुमारे १०२ पडतात, ५५ मध्ये ८०, ६५ मध्ये ६८. लॅबची प्रिंट साधारण इंचाला ३०० ची असते. म्हणून पडद्यावर शंभर टक्के झूम करून जो दाणा तुम्हाला छळतो, तो कागदावर तिप्पट बारीक होतो. त्याला घाबरून फोटो गुळगुळीत करू नका. चेहऱ्याची मेणाची बाहुली होते.

पण मोठेपणाचा एक खरा फायदा आहे, आणि तो लहान मॉनिटरवर मिळत नाही. लग्नाच्या अल्बमचं १२ × ३६ इंचांचं जोडपान घ्या. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे साडेसदतीस इंच. म्हणजे जोडपान पूर्ण पडदा वापरून अगदी खऱ्या आकारात समोर दिसतं. मधल्या घडीत कोणाचं नाक जातंय, दूरच्या आत्याबाई ओळखू येतात की नाही, हे छापायच्या आधी कळतं. हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो.

अंतराचंही पाहा. ५५ इंची टीव्ही टेबलावर ठेवून दोन फुटांवर बसलात, तर त्याच्या कडा तुम्हाला साधारण ४५ अंशांतून दिसतात. पुष्कळ टीव्हींचं पॅनेल तिरकं पाहिलं की फिकट पडतं. मग चित्राच्या मध्यावरचा नवरदेव आणि कडेचा करवला यांचे रंग वेगळे दिसतात, फाइलमध्ये सारखे असूनही. टेबलावर काम करायचं तर ४३ इंचांच्या पुढे जाऊ नका, आणि हातभर मागे सरून बसा.

आजीचा रंग

आता मला या विषयावर बोलावंसं का वाटलं, ते सांगतो.

हल्ली घराघरांतून जुने फोटो बाहेर निघतात. आजोबांचा, आजीचा एखादाच फोटो असतो, तोही कोपरे गेलेला. तो स्कॅन करतात, दुरुस्त करतात, मोठा करून भिंतीवर लावतात. या कामात पडदा चुकला तर काय होतं? आजी सावळी. अति उजळ टीव्हीवर तिचा चेहरा छान स्वच्छ दिसतो, म्हणून कोणी तो उजळवत नाही. प्रिंट येते काळी, नाक-डोळे बुडालेले. घरचे नाराज. मग दुरुस्ती करणारा अंदाजाने चेहरा भरपूर उजळतो, वर लॅबचं मशीन आपोआप करेक्शन करतं. दुसरी प्रिंट येते ती गोऱ्या, फिकट बाईची. ती कोणाचीच आजी नाही. आणि वीस वर्षांनी पतवंडांना तोच चेहरा खरा वाटणार, कारण सांगायला दुसरं कोणी उरणार नाही.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवायला एक नमुना-फोटो देत असे, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर कित्येक वर्षं गोरीच बाई असायची. मशीन तिच्या त्वचेवर जुळवलेलं, त्यामुळे गडद वर्णाच्या माणसांचे चेहरे नीट येत नसत. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची कार्डं १९९० च्या दशकात आली. तराजूत कोणतं वजन घातलं होतं, यावर एवढं अवलंबून असतं. म्हणून तुमची परीक्षा-प्रिंट काढताना तिच्यात आपल्या घरातली, वेगवेगळ्या वर्णांची माणसं असू द्या.

मोजणं, आणि मग भाषांतर

सेटिंग झालं की मोजणं. पडद्यावर ठेवून रंग मोजणारं कॅलिब्रेशनचं यंत्र मिळतं. एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून घ्या. महिन्यातून एकदा लागतं. टीव्ही अर्धा तास चालू ठेवून मगच मोजा. यंत्र जी प्रोफाइल तयार करतं ती कॉम्प्युटरवर राहते, आणि रंगाची प्रोफाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच तिचा उपयोग होतो. टीव्हीचा पिक्चर मोड बदललात की ती प्रोफाइल निकामी.

यंत्र नसेल तर साधा मार्ग. चांगल्या लॅबमधून एक परीक्षा-प्रिंट काढा आणि तिथे स्पष्ट सांगा, करेक्शन नको. ती प्रिंट टीव्हीशेजारी चांगल्या उजेडात धरा आणि तीच फाइल पडद्यावर लावा. आता टीव्हीचा बॅकलाइट आणि रंग प्रिंटशी जुळेपर्यंत बदला. फाइलला हात लावायचा नाही. वजन माहीत असलेलं सोनं ते हेच.

खोलीही तराजूचाच भाग आहे. आपल्याकडे भिंती गुलाबी, पोपटी, आकाशी. तो रंग कागदावर पडतो. पावसाळ्यातला खिडकीतला उजेड आणि मे महिन्यातला उजेड एक नसतो. पडदे ओढा, एकच चांगला पांढरा दिवा ठेवा आणि तोच कायम वापरा.

एवढं करूनही पडदा आणि कागद तंतोतंत सारखे होणार नाहीत. चकचकीत कागदावर सर्वांत पांढरं आणि सर्वांत काळं यांत दोनशे-अडीचशे पटींचा फरक, मॅटवर त्याहून बराच कमी. टीव्हीवर तो हजारो पट असतो. त्यामुळे छपाई म्हणजे भाषांतर. घाट चढून गेलं की लोणावळ्याजवळ मळवली आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे तिथे गेला. तैलचित्रातला रंग दगडावरून कागदावर आणायचा, तर एकेका रंगासाठी वेगळा दगड करावा लागे. तैलचित्र आणि छापील लक्ष्मी एकसारखी नव्हती. पण कागदाला काय झेपतं हे कारागिराला ठाऊक होतं, म्हणून ती लक्ष्मी घरोघर पोचली.

आज ते काम 'सॉफ्ट प्रूफ' करतं. लॅबकडे त्यांच्या कागदाची प्रोफाइल मागा. फोटोशॉप, लाइटरूम किंवा मोफत मिळणाऱ्या जिंपमध्ये ती लावली, की कागदावर चित्र साधारण कसं उतरेल ते पडद्यावर दिसतं. चित्र एकदम मरगळतं. निराश होऊ नका. तेच पाहून दुरुस्ती करा. लॅबकडे प्रोफाइल नसेल, तर फाइल एसआरजीबीमध्ये पाठवा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, ओएलईडी टीव्ही घेतला तर जास्त चांगलं ना?

काळा रंग अप्रतिम दिसतो, कोनही चांगला. पण दोन अडचणी. पडद्याचा मोठा भाग पांढरा झाला की तो स्वतःहून उजेड कमी करू शकतो, त्यामुळे पांढऱ्या कडेचा फोटो आणि बिनकडेचा फोटो यांची तुलना फसते. आणि सॉफ्टवेअरच्या पट्ट्या दिवसभर एकाच जागी राहिल्या, तर कालांतराने त्यांचा ठसा उमटण्याचा धोका. सिनेमासाठी उत्तम, रोजच्या कामाला जपून.

प्रश्न: आम्ही तर मोबाइलवर बघूनच फोटो छापायला देतो.

मोबाइल उन्हात एक, खोलीत एक उजेड दाखवतो. तो तराजू दर मिनिटाला बदलतो. निवड करायला ठीक, रंग ठरवायला नाही.

प्रश्न: पण सर, शेवटी खरा रंग कोणता? पडद्यावरचा, कागदावरचा, की आजीचा?

बाई, हा प्रश्न तुम्ही पहिल्यांदा विचारला असता, तर टीव्हीवर यायला मला तीन व्याख्यानं लागली असती! थोडक्यात सांगतो. रंग वस्तू, उजेड आणि डोळा या तिघांत मिळून घडतो. एकाच्या खिशात तो सापडत नाही. पण म्हणून सगळेच रंग सारखे खरे, असं मी म्हणणार नाही. फोटो ज्या भिंतीवर लागणार, त्या भिंतीशी तिथल्याच उजेडात लहान प्रिंट धरून पाहा, आणि आजीला पाहिलेलं घरातलं जे सर्वांत वडील माणूस असेल त्याला विचारा. ते म्हणाले, "हो, ही अशीच होती," तर तेवढी साक्ष पुरे. मोठी प्रिंट त्यानंतर काढा. आणि हे काम लांबणीवर टाकू नका, कारण यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल.